शिमोनोसेकीची जकात आणि समुद्राखालची रेघ

मी मुळात भित्री. त्यामुळे समुद्राखालच्या भुयारातून चालायचं ठरलं, तेव्हा टोकियोत आमच्या ओजिमा भागातल्या मैत्रिणींनी माझी भरपूर थट्टा केली. हट्ट नवऱ्याचा होता. निखिल इथे कस्टम्सचं सॉफ्टवेअर लिहितो, आणि व्यापार-जकातीच्या भानगडीत प्रांत आणि केंद्र जिथे भिडले, ते शिमोनोसेकी त्याला पाहायचंच होतं.

शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने कोकुरा, तिथून लोकलने शिमोनोसेकी. शाकाहारी असाल तर स्टेशनवरच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, भाताचे गोळे, ओनिगिरी, घेऊन ठेवा, कारण बाजारात सगळा मासाच आहे. मग बसने भुयाराच्या तोंडाशी. समोर किनाऱ्यावर जुन्या तोफांच्या प्रतिकृती आहेत. तिथेच निखिलने आमच्या सात वर्षांच्या ईराला गोष्ट सांगितली. दीडशे वर्षांपूर्वी परदेशी व्यापार आणि त्याची जकात शोगुनच्या, म्हणजे केंद्राच्या मुठीत होती. चोशू प्रांताला तो व्यापारच नको होता. त्याने परदेशी जहाजांवर तोफा डागल्या आणि सपाटून मार खाल्ला. भरपाई केंद्राच्या गळ्यात पडली, आणि त्या दडपणाखाली सगळ्या देशाची जकात उतरवावी लागली. ईराला तोफाच जास्त आवडल्या.

लिफ्टने खाली गेलो. पायी जाणाऱ्यांना पैसे पडत नाहीत. भुयाराच्या मध्यावर दोन प्रांतांच्या हद्दीची रेघ आखली आहे. ईरा तिच्यावरून इकडून तिकडे उड्या मारत होती, तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम केकाटले. भूकंपाचा इशारा. जमीन हलली की माझे पाय, ते मला आजही सांगता येणार नाही. डोक्यावर अख्खा समुद्र होता. मी हात पुढे केला तर ईरा जागेवर नव्हती.

आमच्या घरचा नियम साधा: काहीही झालं तरी आई-बाबांना सोडून हलायचं नाही. ती हलली होती. निखिल आल्या वाटेने धावला, मी पलीकडच्या, मोजी गावाच्या टोकाकडे. लिफ्टसमोर ती भिंतीशी उकिडवी बसली होती, पाठीवरची पिशवी डोक्यावर धरून. मी तिला घट्ट धरलं आणि आधी रागावलेच.

"शाळेतल्या सेन्सेई म्हणतात, आई-बाबांची वाट बघायची नाही. आपलं आपण पळायचं," ती म्हणाली. "तू का नाही पळालीस?"

धक्का किरकोळ निघाला. भुयार चांगलं आहे, जरूर जा. परतीच्या गाडीत निखिल म्हणाला, आपल्याकडेही शाळेचा कायदा आणि घरचा कायदा भिडले की! मला हसू आलं नाही. आमच्या नियमाने ती उद्या खऱ्या त्सुनामीच्या लाटेसमोर माझी वाट बघत थांबली, तर किंमत तिला मोजावी लागेल.

काल सकाळी तिची वेणी घालताना तो नियम मी मागे घेतला. "शाळेचंच ऐक. आम्ही दिसलो नाही तरी थांबू नकोस."

ती सहज "हो" म्हणाली. मला मात्र तिची वेणी हातातून सोडवेना.