लिफ्टचं भाषण

लॅटिनचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत माझ्या वयाचे लोक योगासनं करतात. मी रविवारी ऑनलाइन क्लासला बसून रोमन वक्ते सभा कशी जिंकायचे ते शिकायचो. त्यांची एक युक्ती मला फारच आवडली. निर्जीव वस्तूला बोलतं करायचं. शहर बोलतं, देश बोलतो, आणि ऐकणारे पाघळतात.

त्याच हिवाळ्यात आमची लिफ्ट बंद पडली. आम्ही सातव्या मजल्यावर, आणि आईचे गुडघे कामातून गेलेले. खाली उन्हात बायका मटार सोलत गप्पा मारत बसायच्या आणि आई बाल्कनीतून त्यांची डोकी बघायची. तिला खाली जायचं होतं, एवढंच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दुरुस्तीचा ठराव करून आणतोच, असं मी तिला छातीठोकपणे सांगून गेलो.

साधं बोलायचं सोडून मी लिफ्टलाच बोलतं केलं. हिंदीत, हात पसरून. "मैं आपकी लिफ्ट हूँ. मैंने आपकी दुल्हनें उतारीं, मैंने आपके बच्चे चढ़ाए, मैंने आपके सिलेंडर ढोए. अब मेरी साँस फूलती है." लागोपाठ वाक्यं एकाच शब्दाने सुरू करायची, हीसुद्धा रोमन युक्तीच. पहिल्या रांगेतले एक निवृत्त फौजी डोळे पुसत होते. मारलं मैदान, असं मी मनात म्हटलं.

अध्यक्ष जड आवाजात म्हणाले, "यार, इतने साल हमने उससे काम ही काम लिया. बेचारी को अब आराम दो."

टाळ्या पडल्या. दुरुस्तीचा विषय रद्द झाला आणि लिफ्टच्या दाराला झेंडूचा हार घालायचं एकमताने ठरलं. एका बाईंनी नव्या लिफ्टची गोष्ट काढली, तर "अभी तो रहने दीजिए" म्हणत लोकांनी त्यांना गप्प बसवलं. मी "दुरुस्ती, दुरुस्ती" करत उभा राहिलो, तेव्हा शेजारच्याने माझी पाठ थोपटली. त्याला वाटलं, मला भरून आलंय.

धापा टाकत वर आलो. आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. तिला सगळं सांगितलं, भाषणासकट. मला लाज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर भाषणाचा थोडा अभिमानही वाटत होता.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लिफ्टला बोलायला लावलंस. मला फोन लावला असतास, तर मीच बोलले असते की रे."