व्होडका, गोळीसोडा आणि सासूबाई

मैत्रिणींनो, आज लई दमले. जेवायला नवऱ्याचे मित्र, त्यात फर्माईश, "व्होडकाचं काहीतरी गोड, फसफसतं कर."

मी सोड्यात साखर टाकली आणि तो फसफसून अर्धा ओट्यावर सांडला.

सासूबाई म्हणाल्या, "आधी पाक, मग दारू. सोडा शेवटी, कडंकडंनं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"साठ सालाकडं दारूबंदी होती. मामंजींचे पाव्हणे घरातच दार लावून बसायचे. गोळीसोडा घालून म्याच करून द्यायची. अजून मागतील म्हणून दाराआड उभी ऱ्हायची. चव न्हाय बघितली कधी."

पहिला ग्लास मी त्यांनाच दिला आणि शेजारी बसले. एक घोट घेऊन त्यांनी तो खाली ठेवला.

"ह्याच्यासाठी उभी ऱ्हायले व्हय म्या?"

बाहेरून हाक आली, "झालं का गं?"

मी उठले नाही. तुम्ही उठला असतात?