चाकाखालचा दगड

अकरावीत असताना मी पदवीच्या कॉलेजातही जात होते, असं सांगितलं की लोकांना मी थाप मारतेय असं वाटतं. पण खरंच तशी सोय होती. डिचोलीकडचं एक कॉलेज आमच्या हायर सेकंडरीतल्या काही मुलांना शनिवारी बसू देत होतं. पास झालं की त्याचे क्रेडिट नावावर जमा, पुढे पदवीला तो भाग पुन्हा करायचा नाही. अट एकच: विषय एकच निवडायचा आणि फॉर्मवर वडिलांची सही आणायची.

माझ्यासमोर दोन विषय होते, अकाउंट्स आणि भूगर्भशास्त्र. मला दगडांचं हवं होतं. पाळीसारख्या खाणीच्या गावात वाढलेल्या मुलीने दगड शिकायला कॉलेजात जावं, हे ऐकून मैत्रिणी खो खो हसल्या. बाबा हसले नाहीत. ते सावंतवाडीकडून इथे खाणीवर ट्रक चालवायला आले, ते इथलेच झाले.

"मी जल्मभर धुळो खाल्लंय," ते म्हणाले. "आता माझ्या चेडवान परत त्येच्यातच कित्याक जावचा? हिशेब शीक. सावलीत बसशीत."

मी फुरंगटून जेवले नाही. दोन दिवसांनी बाबाच म्हणाले, "देवाक इचारूया."

आमच्याकडे अडलं की प्रसाद लावतात. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. बाबांनी हात जोडून विचारलं, "चेडवान हिशेबाचो विषय घेवचो काय?" उजवी पाकळी टपकन पडली. बाबा निघालेसुद्धा, पण मी खांबाला धरून उभी राहिले. म्हटलं, देवाला दुसऱ्या विषयाचं विचारलंच कुठे? गुरवाने बाबांकडे पाहिलं, मग नव्या पाकळ्या लावल्या. पुन्हा उजवीच पडली.

गुरव कपाळावर हात मारून म्हणाला, "देवान दोनूय दिल्यात. आतां तुमचें तुमीं पळयात." म्हणजे आमचं आम्हीच बघायचं.

सोमवारी फॉर्म द्यायचा होता. त्याआधीच्या शनिवारी कॉलेजने मुलांना वर्ग बघायला बोलावलं होतं. माझी बस चुकली आणि बाबांनी मला ट्रकानेच नेलं. ती लाल धुळीने माखलेली गाडी कॉलेजच्या फाटकात शिरली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उतारावर गाडी लावून बाबांनी सवयीप्रमाणे केबिनमधला दगड काढला आणि मागच्या चाकाखाली सरकवला. खाणीतून उचललेला तो दगड मी लहानपणापासून पाहत होते.

भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवणाऱ्या बाईंनी मला एक दगड आणि भिंग दिलं. आधी काही दिसेना. मग दिसलं. लाल रेघ, करडी रेघ, पुन्हा लाल, केसाएवढ्या बारीक, एकावर एक, मोजता येणार नाहीत इतक्या. हे रोज ट्रकांतून आमच्या दारावरून जात होतं आणि मी त्याला धूळ म्हणून झाडत होते!

बाबा दारात उभे होते. बाईंनी त्यांनाही बोलावलं. चपला बाहेर काढून ते आत आले आणि भिंगावर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"ह्यो आमच्याच खाणीतलो?"

"तिथलाच," बाई म्हणाल्या. "पाण्याखाली थर साचत गेले. तेव्हा पृथ्वीवर गवताचं पातंही नव्हतं."

"मग तेवा ह्येका बगूक कोण होतो?"

"कोणीच नव्हतं."

बाबा सरळ झाले. त्यांचा तसा चेहरा मी फक्त पालखी दारात आल्यावर पाहिला होता. "आनी मी ह्येका चाकाखाली घालतंय," ते पुटपुटले.

परतताना सहीचा विषय काढायची माझी छातीच झाली नाही. अकाउंट्सचा वर्ग पाहायचा राहून गेला, हे घरी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं.

सोमवारी उठले तेव्हा बाबा कामावर गेले होते. माझ्या पुस्तकांच्या टेबलावर चाकाखालचा तो दगड ठेवलेला होता, नारळाच्या शेंडीने घासून स्वच्छ धुतलेला. त्याच्यावरच्या रेघा भिंगाशिवायही दिसत होत्या. त्याच्याखाली फॉर्म होता, भूगर्भशास्त्रासमोर बरोबरची खूण आणि खाली बाबांची वाकडीतिकडी सही. त्या दिवसापासून बाबा ट्रकाच्या चाकाखाली फणसाच्या लाकडाचा ओंडका लावतात.