रिकामी कात्री

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, अशी म्हण आहे. उस्तादला ती मुळीच आवडत नसे, आणि नेमकं म्हणूनच त्याचा मित्र बंब ती त्याला येता-जाता ऐकवत असे. पण बेटावरच्या त्या हॉटेलात, सुट्टीच्या शेवटच्या सकाळी, आदल्या संध्याकाळीच तासलेल्या गालांना पुन्हा साबण फासताना उस्तादला वाटलं, म्हण रचणाऱ्यानं आपल्यालाच बघून रचली असावी. आठवडाभर तो दिवसातून दोनदा दाढी करत होता. दुसऱ्या कुणाची करायला मिळत नव्हती, म्हणून स्वतःची.

उस्तादचं केस कापायचं दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. त्यातल्या एका खुर्चीवर गिऱ्हाईक बसे आणि दुसरीवर जुनी वर्तमानपत्रं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा लांबच्या शहरात मोठ्या नोकरीत होता आणि तिथूनच उंटावरून शेळ्या हाकत असे: बाबा, गोळ्या घ्या, बाबा, फार वेळ उभे राहू नका. ही सुट्टीही त्यानंच ठरवलेली. दोघं जाऊ, समुद्र बघू, बोलू. ऐन वेळी त्याच्या कचेरीत काहीतरी निघालं. "खोली घेऊन ठेवलीय बाबा, आता तुम्ही तरी जा," असं म्हणून तो मोकळा झाला.

तेव्हा उस्ताद दोघांच्या खोलीत एकटा राहिला. पलंग एवढा रुंद, की तो कडेलाच झोपे आणि कडेलाच उठे. न्याहारीच्या टेबलावर वेटर रोज दोन बशा मांडायचा आणि मग एक उचलून न्यायचा. दोघांनाही रोज थोडं ओशाळल्यासारखं व्हायचं. बाहेर समुद्र निळाशार होता, माडांच्या झावळ्या हलत होत्या, वाळू पांढरी होती, सगळं चित्रातल्यासारखं चोख होतं. पण सुखाचं असं आहे, सोबत कुणी नसलं की ते बोचायला लागतं. उस्तादला तर ते दुसऱ्या दिवसापासूनच बोचत होतं.

खरा त्रास हातांचा होता. आयुष्यभर त्याचे हात कुणाच्या ना कुणाच्या डोक्यावर, हनुवटीवर, मानेवर असत. दिवसभरात इतक्या माणसांना हात लागे, की रात्री घरी एकटं असणं त्याला कधी एवढं जाणवलंच नव्हतं. इथं मात्र कुणाला हात लागायचं कारणच नव्हतं. तो मनातल्या मनात शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे कल्ले सारखे करी, पोहणाऱ्या बाईच्या केसांची टोकं छाटी. संध्याकाळी खोलीत येऊन बॅगेतली कात्री काढी, तेलाचा थेंब सोडी आणि हवेतच चालवत बसे. कच-कच-कच. त्या आवाजानं जरा बरं वाटे. भिंतीपलीकडच्या जोडप्याला काय वाटत असेल ते त्यांनाच ठाऊक.

दाढी आटोपते तोच मुलाचा फोन आला.

"काय बाबा, मजा केलीत ना?"

"केली की."

"मग? ठरवलंत का काही?"

"घरी पोचून सांगतो."

ठरवायचं काय, ते उस्तादनं कुणालाही सांगितलं नव्हतं. दुकान विकून आपल्याकडे राहायला या, असा मुलाचा दोन वर्षं घोशा चालला होता. शेवटी त्यानं तोड काढली: एकदा आठवडाभर दुकानाशिवाय राहून बघा, मग हो की नाही ते सांगा. सुट्टी कसली, रंगीत तालीमच होती ती. बंबलाही उस्ताद एवढंच म्हणाला होता, "जरा समुद्र बघून येतो."

बंब म्हणजे अग्निशमन दलातून निवृत्त झालेला त्याचा मित्र. नोकरीमुळे पडलेलं नाव अंगालाही शोभून दिसे, असा धिप्पाड माणूस. घरी एकटाच. डोक्यावर केस असे नव्हतेच, कानामागून मानेवर उतरलेली एक झालर तेवढी उरली होती. तरी तो दुकानातला शनिवार चुकवत नसे. पहिल्यांदा आला तेव्हा झालर उचलताना उस्तादला डाव्या कानामागं जळाल्याचा मोठा चट्टा दिसला होता. त्यानं काही विचारलं नाही. तेवढ्या जागेवरचे केस बोटभर लांब ठेवले आणि चट्टा झाकून टाकला. तेव्हापासून बंबनं दुसऱ्या दुकानाची पायरी चढली नव्हती. एकदाच कधीतरी, गरम टॉवेल तोंडावर असताना, तो टॉवेलच्या आतून म्हणाला होता, "आत दोघं गेलो होतो. बाहेर मी एकटाच आलो."

बॅग भरून झाल्यावर उस्ताद पँट दुमडून शेवटचं पाण्यात उभा राहिला. पाणी कोमट होतं. तिथंच त्यानं मनाशी पैज लावली. या शनिवारी आपण नव्हतो. बंब आपल्यासाठी थांबला असेल, तर दुकान ठेवायचं. दुसरीकडे जाऊन आला असेल, तर आपलं तिथं कुणाचं काही अडत नाही. मुलाला होकार देऊन मोकळं व्हायचं. या वयात पोरांसारख्या पैजा लावतोय याची त्याला लाज वाटली. पण पैज मोडली नाही.

परतीचा प्रवास म्हणजे नुसती वाट बघणं. होडीची वाट, बॅगेची वाट, विमानाची वाट. होडीत सगळी जोडपी उन्हानं सोललेल्या पाठी एकमेकांना दाखवत होती. विमानतळावर तपासणीला उस्ताद हात पसरून उभा राहिला आणि गणवेशातल्या माणसानं त्याचे खांदे, बगला, पाठ चाचपली. आठवडाभरात त्याला लागलेला तो पहिला माणसाचा हात. चाचपून झालं तरी उस्ताद हात पसरून तसाच उभा राहिला.

"काही होतंय का काका?" त्या माणसानं विचारलं.

"काही नाही," उस्ताद म्हणाला. "मागं केस वाढलेत तुमचे."

त्यानं उस्तादकडं विचित्र नजरेनं बघितलं आणि पुढच्याला बोलावलं.

गावात टॅक्सी शिरली तेव्हा दिवे लागत होते. बेटावरच्या उबेनंतर इथली थंडी अंगात घुसत होती. काच खाली करून उस्ताद रस्ता बघत राहिला: औषधाचं दुकान, कुलपं लावलेली शाळा, बेकरी. आणि बेकरीसमोर, पावाची पिशवी हातात धरून, पाठमोरा उभा असलेला बंब.

झालर नव्हती. मान पार भादरून काढलेली, कडा पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ, आणि दिव्याखाली तो गुलाबी चट्टा उघडा पडलेला. उस्तादनं हाक मारली नाही. टॅक्सी पुढं गेली.

म्हणजे झालं. पैज हरलो, एवढंच. त्यात रागवायचं काय? मान त्याची, केस त्याचे. असं स्वतःला समजावत त्यानं दुकानाचं दार उघडलं, दिवा लावला, बॅग तशीच मधोमध ठेवली. घर दुकानाच्या मागंच होतं, पण आत जावंसं वाटेना. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला. आरशात एक रापलेला, तुळतुळीत दाढीचा म्हातारा त्याच्याकडं बघत होता. एवढ्या वर्षांत हा आरसा त्यानं कधी बसून बघितला नव्हता. मुलाला फोन करायला त्यानं खिशात हात घातला, तोच दार ढकललं गेलं.

"आलास?" बंब दारातूनच म्हणाला. त्यानं कोटाची कॉलर वर केली होती.

"आलो."

"काळा झालास."

"ऊन होतं."

"ऊठ मग. ती माझी खुर्ची आहे."

उस्ताद उठला. बंबनं कोट काढून वर्तमानपत्रांवर टाकला, खुर्चीत अंग सोडलं आणि समोर बघत म्हणाला, "मागं फार वाढलेत रे. जरा बघ."

बघायला तिथं काय होतं? उस्तादनं कापड झटकलं, त्याच्या गळ्याभोवती बांधलं. मग बंबलाच राहवलं नाही.

"एक माणूस आला होता. दलाल. फीत घेऊन दुकान बाहेरून मापत होता. म्हणाला, मालकाच्या मुलानं पाठवलंय, मालक आता तिकडंच राहणार."

उस्तादचा हात थांबला. मुलाला एवढाही दम निघाला नव्हता तर.

"केसानं गळा कापलास लेका," बंब म्हणाला. "समुद्र बघून येतो म्हणालास. मला कळायला दलाल यावा लागला."

"अरे, माझं मलाच ठरत नव्हतं."

"मग मीही गेलो त्या चौकातल्या नव्या दुकानात. रागानं. त्यानं विचारलं नाही, पुसलं नाही, सरळ मशीन फिरवलं. मी थांब म्हणेपर्यंत..." त्यानं कानामागं हात नेला. "आता जो तो विचारतो, हे कसलं. बेकरीवालीनंसुद्धा विचारलं आत्ता."

"काय सांगितलंस?"

"जुनं आहे म्हटलं. दुसरं काय सांगू?"

उस्तादनं बॅग उघडली, कात्री काढली. कंगवा पाण्यात बुडवला. डावा हात बंबच्या डोक्यावर ठेवून म्हणाला, "मान खाली." मान खाली झाली. मग चट्ट्यापासून बोटभर अंतरावर, जिथं केस असायला हवे होते तिथं, त्यानं कात्री चालवायला सुरुवात केली. कच-कच-कच. एका कानामागून दुसऱ्या कानामागं, नेहमीच्या वेगानं, मध्ये कंगवा फिरवत. बंबनं डोळे मिटले. कापडावर एकही केस पडत नव्हता.

फोन वाजला. उस्तादनं तो खांदा आणि कान यांच्यात धरला. हात चालूच होता.

"पोचलात बाबा? मग, काय ठरलं?"

"आपण नंतर बोलू रे," उस्ताद म्हणाला. "खुर्चीत गिऱ्हाईक आहे."

त्यानं फोन खिशात टाकला. बंबनं डोळे उघडले नाहीत, पण तो डोकं उस्तादच्या हातावर थोडं आणखी टेकून बसला.

"डावीकडं राहिलंय बघ अजून," तो म्हणाला.

"हो, राहिलंय खरं," उस्ताद म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून कापायला लागला.