सियागांची बुंदा

कुस्तियाची कूस उजवली नाही, पण दर शुक्रवारी दुपारी शाळेच्या मैदानावर ती ढीगभर पोरांची आई व्हायची.

स्काउटातल्या सगळ्यात धाकट्या पोरांना आमच्याकडे सियागा म्हणतात. त्यांच्यात बाई, सर असलं काही चालत नाही. पथकाची मुख्य बाई ती बुंदा, म्हणजे आई. तिच्या हाताखालची ती बुचिक, म्हणजे मावशी. कुस्तिया कित्येक वर्षं बुचिकच होती. जुन्या बुंदाबाई खणखणीत होत्या आणि जागा सोडायचं नाव घेत नव्हत्या. कुस्तिया पोरांची नाकं पुसायची, नाड्या बांधायची आणि मनात म्हणायची, देवा, यांना उदंड आयुष्य दे, पण घरी बसून दे.

शेवटी बाईंचे गुडघे गेले आणि कुस्तिया बुंदा झाली. मैदानाच्या पलीकडून पहिलं पोर "बुंदाऽऽ" करत धावत आलं, तेव्हा तिनं मागे वळून पाहिलं, बाई आल्या की काय म्हणून. हाक आपल्यालाच आहे हे कळल्यावर आनंदानं तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही. नवरा वासिस शिलाई मशिनं दुरुस्त करायचा, तोंडाचा भारी फटकळ. "काय, आज किती बाळंतपणं झाली?" असं तो दर शुक्रवारी विचारायचा. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिनं त्याच्या डोक्यात झारा घातला असता. वासिसला मात्र ती खुशाल आकडा सांगायची.

नव्या कुटुंबांना पथकात घ्यायचा दिवस म्हणजे तिचा सण. सकाळपासून ती टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, पातळ काप पिठात बुडवून मेंदोआन तळायची, हिरव्या मिरच्या धुऊन ठेवायची. मैदानात आयाबाया चटईवर बसल्या, खाणं झालं, की प्रत्येक आईनं आपल्या पोराच्या गळ्यात लाल-पांढरा रुमाल बांधायचा. मग पोरानं पुढे येऊन मोठ्यानं "बुंदा" म्हणायचं आणि तिनं त्याचा हात धरून रिंगणात न्यायचं. ही रीत पुस्तकातली नव्हती, तिनंच काढली होती. तेवढ्या एका हाकेची ती वर्षभर वाट बघायची, खोटं कशाला सांगा!

यंदा वेनिंग आली ती आजीचं बोट धरून. आई तैवानला, एका आजारी म्हातारीची सेवा करायला गेलेली. आजीनं, म्हणजे निनी समिनेमनं, रुमाल असा बांधला की जणू भाजीचं गाठोडं. सगळ्या हसल्या. वेनिंगही हसली. तिचे डोळे मघापासून रिंगणातल्या पोरांच्या टाळ्यांवरच होते.

"ये गं, म्हण बघू," कुस्तिया म्हणाली.

वेनिंगचे ओठ मिटले ते मिटलेच.

"अगं म्हण की!" निनी खेकसली. "घरात माझं डोकं खातेस, सियागात जायचं, सियागात जायचं. आता दातखीळ बसली होय?"

"राहू दे, निनी." कुस्तिया गुडघ्यांवर बसली. "भीती वाटते का माझी?"

पोरीनं नाही म्हणून मान हलवली. मग तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "मी दुसऱ्या कुणाला आई म्हटलं तर माझी आई परत येणार नाही."

"असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मला माहितीये."

या पोरीची समजूत घालणं कुस्तियाला अवघड नव्हतं. खेळातलं नाव असतं गं, एवढं म्हटलं असतं तरी पोरगी कदाचित म्हणालीही असती. आणि मग तैवानहून फोन यायला एक दिवस उशीर झाला की रात्रभर जागली असती.

"मग तू मला बुचिक म्हण," ती म्हणाली. "चालेल?"

"बुचिक," वेनिंग लगेच म्हणाली.

तेवढ्यात रिंगणातून तेगर ओरडला, "ए, ती एकटीच का बुचिक म्हणते? तिला काय झालंय?" पोरं खिदळली. वेनिंगचा चेहरा पडला आणि हात रुमालाची गाठ सोडायला गेला. निनीची गाठ, ती काय लवकर सुटणार!

कुस्तिया उठली. "तिला काही झालेलं नाही. आजपासून सगळ्यांनीच मला बुचिक म्हणायचं."

"का हो?" तेगरची आई, रोह्यातीबाई, चटईवरून म्हणाली. "मग पोरांची बुंदा कोण?"

"ज्याची त्याच्या घरी आहे की. कुणाची तैवानला आहे." कुस्तिया हसली, पण आवाज जरा चिरकलाच. "मेंदोआन घ्या अजून, गार होतायत."

वेनिंगनं गाठीवरचा हात काढून पुढे केला. तो हात धरून कुस्तिया रिंगणात गेली. त्या दुपारी वेनिंगइतक्या जोरात टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

संध्याकाळी सगळे पांगले. निनी आणि वेनिंग झाडाखाली गाडीची वाट बघत थांबल्या होत्या. कुस्तिया चटया गुंडाळत होती. फाटकातून तेगरनं सवयीनं हाक मारली, "बुंदाऽऽ! येतो गंऽऽ!"

वेनिंगनं चमकून कुस्तियाकडे पाहिलं. कुस्तियाची मान वळायला निघाली होती, ती तिनं धरून ठेवली.

"बुंदाऽऽ!" तेगरनं पुन्हा ओरडून पाहिलं.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण चटईचं टोक काही तिनं सोडलं नाही.

"अरे हो... बुचिकऽऽ!"

तेव्हा ती वळली आणि म्हणाली, "ये रे बाळा, सांभाळून जा."