कलकत्त्याचं विमान केव्हा पोचतं?

विमानतळावर माणूस कामापेक्षा वाट पाहण्यातच जास्त झिजतो. आणि वाट पाहणारे चार जण एका खोलीत बसले की किस्से साचणारच. सोनेगावच्या आमच्या वायरलेसच्या खोलीत पन्नास सालानंतर ते इतके साचले, की आता कोणी भेटलं की दोन-चार उतरवून ठेवावेच लागतात!

कलकत्ता ते नागपूर, सहाशे मैल. अंतर बदलत नाही. वेळ मात्र वाऱ्याच्या हातात. डाकोटा विमान कधी चार तासांत येई, कधी पाच घेई. म्हणून आमच्यात एक रिवाज पडला. तिकडून 'निघालं' असा निरोप आला की प्रत्येकाने पोचण्याची वेळ सांगायची. ज्याचा अंदाज सगळ्यांत जास्त चुकेल, त्याने चहा करायचा. मी नकाशावर पट्टी ठेवून, वारा धरून सांगत असे. तरी चहा बरेचदा माझ्याच हातचा!

\*

एक नवे साहेब आले. जायला लागला तेवढाच वेळ यायला, हा त्यांचा हिशेब. एका पाहुण्यांसाठी सीताबर्डीहून हार आणवून ते उन्हात उभे राहिले. समोरचा वारा धरलाच नव्हता! धावपट्टीवरची गुरं हाकणारा आमचा नामदेव, मूळ उमरेडच्या विणकर घरातला. तासाभराने तो म्हणाला, "साहेब, हार वाळून राहिला. गळा केव्हा येते?"

\*

याच नामदेवाची एक दुपार. धावतच आत आला. "विमान उतरलं ना गा! गुरं बाजूला केली म्या."

बाहेर पाहिलं, तर पट्टी रिकामी. पण हाकललेली गुरं कान टवकारून, सगळी पट्टीच्या एकाच टोकाकडे पाहत होती.

"उन्हानं डोकं फिरलं काय रे?" आमचा वायरलेस ऑपरेटर देवकर हसला. तेवढ्यात त्याच्या हेडफोनमध्ये कलकत्त्याचा निरोप आला: विमान आत्ता निघालं.

संध्याकाळी ते खरोखर उतरलं, तेव्हा एकाही गुराने मान वर केली नाही.

\*

देवकरची बायको कमल कलकत्त्याच्या इस्पितळात होती. डॉक्टरांनी हात टेकले. तिचा एकच हट्ट: मले घरी न्या. तिच्या भावाने तिला विमानात बसवलं. ती जिवंत पोचते की नाही, एवढाच प्रश्न होता.

'निघालं' असा निरोप आला. त्या दिवशी कोणीच वेळ सांगितली नाही. समोरून वारा होता. मी मनातला आकडा मनातच ठेवला.

विमान अजून रायपूरच्या आसपास होतं. पायलट देवकरशी बोलत होता. इतक्यात टेबलावरचा फोन वाजला. रामदासपेठेतल्या शेजाऱ्यांकडून देवकरची आई बोलत होती. खोली इतकी गप्प, की म्हातारीचा शब्दन् शब्द आम्हाला ऐकू आला.

"सूनबाई आली ना गा! ओसरीवर बसून पाणी मागून राहिली. तू काहून नाही आला?"

देवकरने रिसीव्हर छातीशी धरला आणि पायलटला विचारलं, बायको कशी आहे.

 खरखरीतून आवाज आला, "सो रही हैं. बहुत शांत."

देवकरने फोन पुन्हा कानाला लावला.

"माय," तो म्हणाला, "दे तिले पाणी."