दुखतं म्हणणाऱ्या मंदाताई

स्नेहलचा फोन आला तेव्हा मी नव्या रायपुरात ऑफिसच्या बसमधून उतरत होते. "मौसी, मम्मी नहीं रही," एवढंच ती बोलली. मंदाताई जाणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांना तर आमच्याही आधी कळलेलं होतं. पोटाचा कर्करोग, तोही उशिरा सापडलेला... तरी बातमी आली ती आलीच. ऑफिसात न जाता मी समोरच्या रिक्षात बसले आणि घर येईपर्यंत मला एकच आठवत राहिलं, की आदल्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडे चिवडा मागितला होता आणि मी "तुम्हाला चालायचा नाही" म्हणून दिला नव्हता. आता महिना उलटून गेला, पण त्या चिवड्याचं अजून मनातून जात नाही.

नागपूरहून बदली होऊन मी रायपूरला आले, ती समता कॉलोनीच्या मागच्या गल्लीत मंदाताईंच्या घराच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून. ताई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि निवृत्त झाल्या तरी आवाज वॉर्डातलाच राहिला होता. नवरा लवकर गेला, एकुलत्या एका मुलीला, स्नेहलला, त्यांनी एकटीने वाढवलं. पहिल्याच दिवशी मला जिन्यावर थांबवून त्यांनी सांगितलं होतं, "हे पाहा बाई, नळ सकाळीच येते, कचऱ्याची गाडी आठले, आन् काई दुखलं-खुपलं तं मले सांगजो. पन उगाच कन्हत नोको बसजो." कण्हणाऱ्या माणसाची त्यांना चीड होती. वॉर्डात त्यांचा दरारा होता म्हणे. बायका ओरडल्या की ताई कॉटपाशी उभ्या राहून म्हणत, "थोडं सोसाव, काई मरत नाई मानूस." वाईट बाई नव्हत्या. रात्ररात्र पेशंटपाशी बसत, घरून पेज करून नेत. पण सोसणं हा त्यांचा धर्म होता, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे तो कोणाचा नसतो? बाई जितकी गप्प तितकी थोर. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपण म्हणतो. ही म्हण ज्याने काढली त्याने दगडाला विचारलेलं नसणार.

त्यांच्या घरी भुरी नावाची कुत्री होती. रस्त्यावरचीच, एका पावसाळ्यात गेटाखालून आत आली आणि राहिली. तिची पिल्लं बंद करायची शस्त्रक्रिया करून घ्यायचं राहून गेलं, आणि म्हातारपणी तिच्या मागच्या दोन आचळांपाशी गाठी आल्या. स्नेहलने हट्ट धरला, मी गाडी काढली आणि आम्ही तिला कॉलोनीतल्याच एका जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर दुर्गची, अगदी तरुण. ताई पहिल्या दिवसापासून तिला "डॉक्टर पोट्टी", म्हणजे पोरगी, म्हणत. तिने भुरीच्या एका बाजूची आचळांची सबंध ओळ काढली. घरी आणलं तेव्हा छातीपासून मांडीपर्यंत टाक्यांची लांबच लांब रेघ होती. ती बघून मी नजर वळवली, ताईंनी मात्र एखाद्या शिवणकामाची परीक्षा घ्यावी तशी ती न्याहाळली आणि "चांगलं शिवलं" असा शेरा दिला.

डॉक्टरने नीट बजावून सांगितलं होतं. भूल देतानाच दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलेलं आहे, पण त्याचा असर उतरणार. म्हणून घरी कुत्र्यांसाठीच्या गोळ्या वेळेवर आणि खाणं झाल्यावर द्यायच्या, दुखायची वाट बघत बसायचं नाही. माणसाची कुठलीच गोळी चुकूनही द्यायची नाही, तिच्या पोटाला आणि किडनीला ती बाधू शकते. उचलायचं तर दोघींनी, एकीने पुढून छातीखाली आणि दुसरीने मागून मांड्यांखाली हात घालून, पोटाला अजिबात धक्का न लावता. पहिले एक-दोन दिवस बर्फाची पिशवी पंच्यात गुंडाळून टाक्यांच्या कडेने हलकेच धरायची. चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन घातला होता. गल्लीतली पोरं त्याला लाउडस्पीकर म्हणत. ताईंनी सगळं ऐकलं, मान डोलावली, "हव" म्हणाल्या. आणि घरी येऊन त्यांना जे करायचं तेच केलं.

गोळ्यांचं पाकीट त्यांनी कपाटात ठेवून दिलं. मला वाटत होतं, देत असतील. नर्स बाई, तिला मी काय विचारणार. भुरी एकदाही रडली नाही. विव्हळणं नाही, गुरगुरणं नाही. समोरच्या खोलीत भिंतीशी पुढचे पाय ताठ रोवून ती बसून राही. बाजूला स्नेहलच्या जुन्या रजईची मऊ गादी घातली होती, तिच्यावर जात नसे. डोळे मिटत, मान खाली जाई आणि ती दचकून पुन्हा सरळ होई. शेजारपाजारचे बघायला आले की ताई कौतुकाने सांगत, "पाहा, एवढं कापलं तरी आवाज नाई. मानसापेक्षा बरी." मीही मान हलवली असेल. जीभ सारखी ओठांवरून फिरते, कान मागे चिकटलेत, दिलेला भात तसाच आहे... हे दिसत होतं, पण त्याचा अर्थ आम्हाला लागत नव्हता.

टाके दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरने टाक्यांकडे नंतर पाहिलं. आधी ती भुरीसमोर जमिनीवर बसली आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग विचारलं, गोळी कधी दिली होती? ताई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणाल्या, दिलीच नाही. रडत नाही तर कशाला द्यायची? आणि थोडं दुखलेलं बरंच असतं, जनावर एका जागी पडून राहतं, टाके टिकतात. वॉर्डातही आम्ही असंच म्हणायचो. मला वाटलं, आता ही पोरगी भडकणार. पण ती भडकली नाही. भुरीच्या कानामागे खाजवत ती म्हणाली, "आंटी, ये रोएगी नहीं. कुत्ता दर्द में चुप हो जाता है. आप बस ये देखो, ये लेट क्यों नहीं रही?"

डॉक्टरने इंजेक्शन दिलं, गोळ्यांची वेळ पुन्हा समजावली आणि म्हणाली, दुखणाऱ्या जिवाला विसावा मिळत नाही, आणि विसावा नसेल तर जखम भरायला वेळ लागतो. गाडीत ताई खिडकीबाहेर बघत होत्या. एरवी रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रॅफिक पोलिसाला नावं ठेवणाऱ्या बाईने त्या दिवशी घरी येताच आधी कपाटातून गोळ्यांचं पाकीट काढलं.

दुपारी मी खाली गेले. कूलर चालू होता. भुरी गादीवर होती, पहिल्यांदाच कुशीवर, चारी पाय सोडून, आणि चक्क घोरत होती. ताई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या होत्या आणि रडत होत्या. मला वाटलं, आनंदाने. मी काहीतरी बोलायला गेले, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"माय बी अशीच बसून राहे," त्या म्हणाल्या. "खुर्चीत. ताठ. मी लोकायले सांगो, पाहा माही माय कशी खमकी हाये... तिले आंग टाकता येत नव्हतं, बाई. मले समजलंच नाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या आईला स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशननंतर धाकट्या भावाने, सुधाकरने, तिला रायपूरला ताईंकडे आणून सोडलं. लेक नर्स आहे म्हटल्यावर दुसरीकडे कुठे नेणार? तोही काही दिवस राहिला. आईशेजारी बसून मोसंबी सोलून द्यायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, आमची माय वाघीण आहे. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. ताई विचारत, "माय, दुखते का?" आई म्हणे, "नाई वं." की झालं. उगाच गोळ्यांनी पोट बिघडेल म्हणून ताईंनी त्या बाजूला ठेवल्या. आई दिवसभर खुर्चीत बसे. रात्रीही खुर्चीतच डोळा लागे. सगळ्यांना वाटे, काय बाईचा ताठा. ती पुढे फार जगली नाही. ऑपरेशन उशिराच झालेलं होतं, त्यात कोणाचा दोष नव्हता. पण जे दिवस मिळाले ते तिने ताठ बसून काढले, आणि ते दिवस तिला आडवं होऊन काढता आले असते, हे ताईंना त्या दुपारी कळलं. इतक्या वर्षांनी, एका कुत्रीच्या घोरण्यामुळे.

मी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला. तेव्हा सगळे असंच करत, तुम्हाला काय माहीत, वगैरे. त्यांनी मला बोलू दिलं आणि मग म्हणाल्या, "मले माहीत नाई तं कोनाले माहीत असन? मी नर्स होती." मी वर निघून आले. काही दुःखांना खरोखरच उत्तर नसतं, आणि उत्तर देणाऱ्याचाच राग येतो.

भुरी बरी झाली. त्यानंतर काही वर्षं जगली आणि एका सकाळी गेटापाशी म्हातारपणाने गेली. ताई मात्र पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. कोणाच्याही आजारपणात भेटायला गेल्या की चहा बाजूला ठेवून आधी विचारत, झोपता येतं का, कोणत्या कुशीवर येतं. नातेवाइकांनी पेशंटच्या सहनशक्तीचं कौतुक सुरू केलं की त्यांच्या कपाळावर आठी चढे. पण आईचा विषय निघाला की त्या उठून स्वयंपाकघरात जात. दहा जणांचं दुखणं हलकं केलं म्हणून त्या एका खुर्चीचं ओझं कमी होत नसतं. मी ते बघत होते.

स्वतःचा आजार कळला तेव्हा त्यांनी स्नेहलला आणि मला समोर बसवलं. म्हणाल्या, "मी आता सोसनार नाई. दुखलं तं दुखते म्हनन. तुमी लाजू नोका, आन् मले खमकी म्हनू नोका." आणि खरंच, ती करारी बाई "दुखून राहिलं, स्नेहल" असं मोठ्याने, निःसंकोच म्हणायची. सुरुवातीला आम्हालाच कसंतरी व्हायचं. डॉक्टरांनी कडक औषध लिहून दिलं, तेव्हा नात्यातल्या कोणीतरी कुरकुर केली की याची सवय लागते. ताई बिछान्यातून म्हणाल्या, "मले आता सवय लागून काय लोनचं घालनार हाये?" त्याही अवस्थेत आम्ही हसलो.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा, कार्यक्रम बुद्धविहारात झाला. वंदना झाली, मग एकेक जण बोलायला उठला. सुधाकरमामा आता सत्तरीला टेकलेले, भंडाऱ्याहून आले होते. माइक हातात घेऊन ते म्हणाले की माझी बहीण वाघीण होती, अगदी मायवर गेली होती, एवढा मोठा आजार, पण शेवटपर्यंत तोंडातून ब्र काढला नाही. लोकांनी माना डोलावल्या. कोणी डोळे पुसले.

स्नेहल पहिल्या रांगेतून उठली. तिला मराठी समजतं, पण बोलते ती हिंदीतच. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "नहीं मामा. मम्मी ने बोला था. जब भी दुखा, बोली. हमने दवाई दी, और वो सोई. नानी जैसे कुर्सी पे नहीं, लेट के सोई. रोज़ सोई."

मामांनी माइक खाली घेतला. मला वाटलं, आता हे रागावणार, चारचौघांत भाचीने खोटं पाडलं म्हणून. ते तिच्याकडे बघत राहिले, मग समोर ताईंच्या फोटोकडे, आणि मग कुठेच नाही. त्यांचे ओठ हलत होते. स्नेहल त्यांना धरून खाली बसवायला गेली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मायच्या बाजूले मीच बसलेलो राहो ना, पोरी... मले वाटे, तिले बसाले आवडते."